गेणबाच्या हाताचा गुण

पळसदेवात कुणाच्या अंगावर पित्त उठलं की त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवणारा माणूस परवापरवापर्यंत तरी जन्माला आला नव्हता. रस्ता एकच, गेणबाच्या घराचा. गेणबा म्हणजे आमचे शेजारी गेणतात्या. त्यांच्या बांधाला आमचा बांध, त्यांच्या भिंतीला आमची भिंत. लहानपणी मला पित्ताचा फार त्रास होता, त्यामुळं गावात मी सगळ्यांत जास्त कुणाला भ्यायलो असेन तर तात्यांना.

तात्या आधी आमसुलाचं पाणी पाजायचे. मग सदरा काढायला लावून उन्हात बसवायचे, आणि काळं घोंगडं हातात घेऊन मानेपासून जे सुरू करायचे ते पार घोट्यापर्यंत. राखेनं पातेलं घासावं तसं माणूस घासायचे. "पित्त कातड्याखाली दडून बसतंय," ते सांगायचे. "त्येला भाईर काढलं न्हाय तर आत घर करतंय." मी बोंबललो की माझी सख्खी आईच माझे हात धरून ठेवायची. संध्याकाळपर्यंत अंगावरच्या गांधी बसायच्या, कातडं मात्र सोलवटलेलं असायचं. कुणी विचारलं, गुण आला का रं मोहन, की मी लगेच आला म्हणायचो. नाही म्हणून परत कोण घासून घेतो!

विद्या त्यांच्या वडिलांची. धरणाचं पाणी आलं आणि जुनं गाव त्यात गेलं, तेव्हा वडिलांनी म्हणे इतर सामानाच्या आधी ते घोंगडं उचललं होतं. घरात ते वेगळ्या दांडीवर असायचं. त्यावर कुणी बसायचं नाही, झोपायचं नाही. तात्या या कामाचं काही घेत नसत, नारळसुद्धा नाही. जेवत्या ताटावरून उठून लोकांना घासायला जात. इंदापूरहून एकदा कुणी साहेब जीपमधून आला होता, सदरा काढून अंगणात बसला होता, ती हकिगत मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की जीपचा रंगदेखील सांगेन. भेंडी आणि वांगी पिकवणारा साधा माणूस, पण लग्नाकार्यात त्यांना पुढची जागा मिळायची. "तात्यांच्या हाताला गुण हाय," लोक म्हणत. तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मिशीतल्या मिशीत खूश होत.

तर अशा या घरात राजलक्ष्मी जन्मली. तात्यांचा मुलगा दीपक बारामतीला कंपनीत कामाला, सून उत्कर्षा पिंपळीची. कामाला वाघीण, बोलायला कमी. पोरगी रांगायला लागली त्या सुमारास तिच्या पाठीपोटावर चहाच्या रंगाचे डाग उमटले. काही मसुराएवढे, काही रुपयाएवढे. गरम पाण्यानं अंघोळ घातली की डाग फुगायचे, लालभडक व्हायचे, आणि पोर खाजवून खाजवून रडायची. तात्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, सांगितलं पित्त. गावानं सांगितलं पित्त. तात्या काहीच बोलले नाहीत. सून कधी पोर आणून पुढ्यात ठेवते याची वाट बघत राहिले.

तिनं ठेवली नाही. एक दिवस ताट वाढताना म्हणाली, "आबा, पित्त उठतंय न् बसतंय. ह्ये डाग महिनं झालं हलंनात. बारामतीला कातडीच्या डॉक्टरीणबाई हायेत, त्यांना दावू." दीपकनं मान डोलावली आणि नंबरही लावून टाकला.

हे तात्यांना जे लागलं ते लागलं. बांधावर मला गाठून म्हणाले, "मोहन, आसपासची गावं माझ्या दारात येत्यात न् माझी नात बारामतीला? लोक काय म्हणतील? काखेत कळसा न् गावाला वळसा!" मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, "जाऊ द्या तात्या, बारामतीची हवा खाऊन येईल पोरगी." ते हसले नाहीत.

बारामतीला जायच्या आदल्या सकाळची गोष्ट. उत्कर्षा भेंडी तोडायला रानात गेली होती. मी घरासमोर टेम्पोत माल चढवत होतो. तात्यांच्या घरातून पोरीचं रडणं येत होतं. लहान पोर आहे, रडायचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग रडणं थांबलं. थोड्या वेळानं उत्कर्षा रानातून आली, आत गेली, आणि अशी किंचाळली की माझ्या हातातला क्रेट खाली पडला. ती बाहेर आली ती पोरीला पदरात गुंडाळूनच. पोरीचं अंग लाल, ओठ पांढरे, मान टाकलेली. काय झालं विचारायला वेळच नव्हता. भरलेले क्रेट मी रस्त्यावर उतरवून फेकले आणि टेम्पो काढला. शेजारी उत्कर्षा, मागं हौद्यात तात्या आणि शकुबाई.

भिगवणच्या डॉक्टरनं पोरीला बघितलं आणि लगेच मांडीत इंजेक्शन दिलं. म्हणाला, अंगात ॲलर्जीचा मोठा झटका आलाय, इथं थांबू नका. बारामतीत सलाईन लागलं. दुपार टळल्यावर पोरीनं डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं. आयुष्यात मी बिस्किटाचा पुडा आणायला एवढा पळालो नसेन.

मग त्या कातडीच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं तरुण, बोलणं तोडून टाकणारं. पिशवी धरून मी दारातच उभा होतो. बाईंनी पेनाच्या मागच्या टोकानं पोरीच्या पोटावरचा एकच डाग हलका चोळला आणि थांबल्या. आमच्या डोळ्यांदेखत तो डाग फुगला, भोवतीचं कातडं लाल झालं. बाजूच्या साध्या कातड्याला काही नाही. तात्या वाकून बघत होते. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, म्हातारा थकला.

बाईंनी विचारलं, "हिला आज कुणी घासलं होतं का? सगळ्या अंगावर ओरखडे आहेत."

उत्कर्षानं सासऱ्याकडं पाहिलं. तात्यांनी फरशीकडं पाहिलं. शेवटी शकुबाई म्हणाल्या, "न्हाय ओ. अंघूळ घालून टावेलानं पुसली आसंल. आईचा हात जड हाय जरा."

बाईंनी मग उत्कर्षाला जे फैलावर घेतलं! आई ना तुम्ही? टॉवेलानं अंग पुसतात की सोलतात? पोर हातची गेली असती, कळतंय का? उत्कर्षा खाली मान घालून ऐकत होती. एकदाच तिनं मान वर केली, पुन्हा सासऱ्याकडं पाहिलं, आणि परत खाली घातली. मला खरं काय ते ठाऊक नव्हतं. मीही मनात म्हणालो, शिकलेल्या पोरी, पण पोर सांभाळायचा वकूब नाही. असा मी शहाणा.

राग उतरल्यावर बाईंनी समजावून सांगितलं. सगळ्यांच्याच अंगात मास्ट नावाच्या पेशी असतात. कातडीखाली, नाकात, आतड्यात, जिथं बाहेरचं जग अंगाला लागतं तिथं त्यांचा पहारा. त्यांच्या पोटात बारीक दाण्यांसारख्या पुड्या असतात. परकं काही घुसलं की त्या पुड्या फोडतात, मग सूज येते, खाज सुटते, नाक वाहतं. पित्त उठतं ते त्यामुळंच. काम चांगलंच आहे, जखमेवरसुद्धा त्या धावून येतात. पण हिच्या कातडीत त्या जागोजागी नको तेवढ्या गोळा झाल्यात. जिथं डाग, तिथं त्यांची दाटी. घासलं, तापलं, की त्या कारण नसताना पुड्या फोडतात. सगळ्या अंगावरच्या एकदम फुटल्या की पुड्यांतलं ते विष रक्तात उतरतं आणि रक्तदाब कोसळतो.

"म्हंजी कॅन्सर हाय का?" दीपकनं विचारलं. तो कंपनीतून तसाच आला होता.

"लहान मुलांत बहुतेक वेळा नाही. मोठं होता होता डाग विरतात. मोठ्या माणसांत कधी कधी या पेशी हाडाच्या आत वाढतात, तिथं मात्र गाठीसारखा, रक्ताच्या कॅन्सरसारखा प्रकार होऊ शकतो. म्हणून तर मला काळजी वाटते." त्यांनी दीपकला आणि तात्यांना बाहेर घेतलं. उत्कर्षा आत पोरीपाशी राहिली. "नुसत्या टॉवेलानं हिची ही अवस्था होत असेल, तर रोग कातडीपुरता राहिला नाही अशी शंका घ्यावी लागेल. मी पुण्याला चिठ्ठी देते. कमरेच्या हाडात सुई घालून आतला गर, अस्थिमज्जा, तपासतील. भूल द्यावी लागेल, आणि अशा मुलांना भूल देणंही जोखमीचं असतं. पण इलाज नाही."

दीपक मटकन बाकावर बसला. तात्या एकदम वळून जिना उतरून गेले.

मी मागं गेलो. फाटकाजवळ लिंबाखाली ते उकिडवे बसले होते. चहा आणला, घेतला नाही. म्हणाले, "मोहन, टावेल न्हाय."

"काय?"

"म्या घासली. घोंगड्यानं. शकूनं पाय धरलं हुतं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्हनलं, उद्या बारामतीला न्ह्यायच्या आत बरी करून ठिवतो. म्हंजी गावात त्वांड ऱ्हाईल."

माझं डोकं फिरलं. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये तसं बोललो. "आणि वर सुनेला बोलणी खाऊ दिली? आता त्या लेकराच्या हाडात सुई घालतील, तेपण तुमच्या तोंडासाठी? तात्या, उठा. त्या बाई घरी जायच्या आत उठा."

ते उठले. जिना चढताना त्यांनी माझा खांदा धरला होता. हा माणूस कधी कुणाचा आधार घेत नसे.

बाई गाडीची किल्ली हातात घेऊन आपल्या खोलीतून निघतच होत्या. तात्या दारात आडवे उभे राहिले. टोपी काढली. "बाई, पोरीच्या आईनं काय बी केलं न्हाय. ती रानात हुती. म्या घासली, घोंगड्यानं, समद्या अंगाला."

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. "किती वेळ?"

"रडून गप हुईस्तवर." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढं सरकावं लागलं. "गप झाली तवा मला वाटलं, गुण आला."

मला वाटलं, बाई आता म्हाताऱ्याला फाडून खातील. त्या चिडल्या होत्या, पण पुण्याला लिहिलेली चिठ्ठी मात्र त्यांनी फाडली. म्हणाल्या, "आजोबा, हे आधी सांगायला हवं होतं. खरखरीत लोकरीनं सगळं अंग घासलं तर कातडीपुरत्या रोगातही असं होऊ शकतं. आता सुईची घाई नको. रक्ताची तपासणी करू, ती नीट आली तर पोरीला नुसतं जपायचं."

तात्यांनी हात जोडले. पण पाय निघेना. म्हणाले, "बाई, एक इचारू? माझ्या हातानं आजवर येवढी मान्सं बरी झाली, ती कशी वो?"

"साधं पित्त काही तासांत आपोआप बसतं. घासलं तरी बसतं, नाही घासलं तरी बसतं. उलट घासल्यानं त्या पेशी जास्त चवताळतात."

"आपोआप," तात्या म्हणाले. उभा जन्म ज्याच्यावर काढला ते एका शब्दात गेलं. खाली येताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, आमच्या आळीतली रेश्मा एकदा घासता घासता चक्कर येऊन पडली होती, तेव्हा पित्त उतरलं म्हणून त्यांनीच गावभर सांगितलं होतं. देवानंच वाचवली तिला, आणि त्यांनाही.

रक्ताचा अहवाल चांगला आला. पोरगी घरी आली. औषधाच्या बाटल्या आल्या, झटक्याचं इंजेक्शन आलं, कोमट पाण्याची अंघोळ आली. घोंगडं शकुबाईंनी वासराखाली टाकलं. सगळं मिटलं, असं आपण म्हणावं, पण मिटलं नव्हतं. कारण बारामतीतल्या बंद खोलीत खरं बोललेले तात्या गावात येऊन मुके झाले होते. आणि शकुबाईंनी नळावर आधीच सांगून टाकलं होतं की सुनेनं पोर टॉवेलानं सोलली.

गावाला काय, तोंडी लावायला चटणी मिळाली. गिरणीत उत्कर्षा दळण घेऊन आली की कुणीतरी म्हणणार, "हळू पुसत जा गं बाई, लेकरू हाय." ती "व्हय" म्हणायची आणि पिठाचा डबा उचलून निघायची. घासून घ्यायला कुणी आलं की तात्या म्हणायचे हात दुखतोय. लोक म्हणायचे, बिचाऱ्यानं नातीचा धसका घेतला. म्हणजे त्यातही कौतुक तात्यांचंच! ते कौतुक ऐकताना म्हातारा जमिनीत गेल्यागत व्हायचा. राजलक्ष्मी दोन्ही हात पसरून आजोबाकडं यायची, तेव्हा ते हात पाठीमागं बांधून दुसरीकडं बघायचे. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी पोरीला उचललं नव्हतं. उत्कर्षा वेळेवर ताट वाढायची, पाणी द्यायची. बोलायची नाही.

मी एकदा सुनावलं, "तात्या, त्या डॉक्टरीणबाई काय पळसदेवात दळायला येत न्हाईत. सुनेला टोमणे गाव मारतंय. सांगायचं तर गावाला सांगा." ते म्हणाले, "धीर हुईना, मोहन. लाज वाटती." आणि डोळ्यांना उपरणं लावलं. मला कीवही आली आणि संतापही आला.

मग एका रविवारी नदीपलीकडच्या गावातलं एक जोडपं मोटारसायकलवरून आलं. बाईच्या दोन्ही हातांवर पित्त उठलं होतं. तात्यांच्या ओट्यावर माझ्याशेजारी दगडाबाई बसल्या होत्या, गावात कुठं काही शिजत असलं की ह्यांच्या नाकाला वास जातोच. तात्यांनी नेहमीसारखं हात दुखतोय म्हणून सांगितलं. दगडाबाई म्हणाल्या, "घासा की वो. सुनंनं पाप केलं म्हून तुमी गुण कशापायी बंद करता? तिला काय, तिनं पोर मारलीच हुती."

उत्कर्षा आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

तात्या खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, "तिनं न्हाय. म्या. पोर म्या घासली, घोंगड्यानं. माझ्या हातात गुण न्हाय, कवाच नव्हता. पित्त आपुआप बसतंय. तुमी समदे उगा सोलून घेत हुता."

बघा माणसांची गंमत. कुणालाच पटलं नाही! दगडाबाई पदर सावरून म्हणाल्या, "सुनंला झाकताय व्हय? केवढं मोठं मन हाय बाई." तो पलीकडचा माणूस तर तात्यांच्या पाया पडायला वाकला. तात्या मागं सरकले. खरं बोलल्यावरही माणूस मोठाच होत चालला, याहून लाजिरवाणं दुसरं काय असेल? ते आतल्या दाराकडं वळले. ओरडून म्हणाले, "शकू! भाईर ये. पोरीचं पाय कुणी धरलं हुतं, सांग ह्यांना!"

शकुबाई दारात आल्या. नवऱ्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "म्या धरलं हुतं. टावेलाचं म्याच खोटं बोलले."

दगडाबाई चहा न घेताच उठल्या, म्हणजे केवढी गोष्ट झाली ते समजा. जोडप्याला मी इंदापूरच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. मोटारसायकल गेली. ओट्यावर तात्या आणि मी उरलो. मला वाटलं, सुटला म्हातारा एकदाचा.

उत्कर्षा आतल्या दारात आली. हाताला पीठ तसंच होतं. "आबा," ती म्हणाली, "डॉक्टरला सांगितलं. गावाला सांगितलं. मला कवा सांगणार?"

तात्या गोंधळले. "तुला तर समदं ठावं हाय."

"ठावं हाय. दवाखान्यात मी दोनदा तुमच्याकडं बघितलं. घरी आल्यापासनं रोज वाट बघती."

सासऱ्यानं सुनेपुढं वाकायचं, ही रीत आमच्याकडं कुणी पाहिलेली नाही. भिंतीकडं तोंड करून तात्या काहीतरी पुटपुटले.

"ऐकू न्हाय आलं, आबा."

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती दारातून हललीही नव्हती. तात्यांनी मान वळवली. इतक्या वर्षांत मी त्यांना सुनेच्या तोंडाकडं बघून बोलताना पहिल्यांदाच पाहिलं. "चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले, आणि एवढं मोठ्यानं म्हणाले की आमच्या घरातून माझी बायको बाहेर आली. "केलं म्या, न् तुझ्या माथ्यावर मारलं. चुकलं माझं."

उत्कर्षानं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. मग ती आत वळली.

"हात धुवून घ्या," ती आतून म्हणाली. "भाकरी निवतीय."